गटाला भारी पडणारं पोरगं: वर चढवायचं की आहे तिथंच खेळवायचं?

सांगली-साताऱ्याकडच्या तालमींत असा एखादा पठ्ठा निघतोच. वय 13, वजन 46 किलो आणि बरोबरीच्या पोराला सलामी झाल्या झाल्या चितपट. मग बाप वस्तादांना विचारतो आणि वस्ताद बापाला विचारतात: याला 17 वर्षांखालच्या गटात घालायचा का? की 14 वर्षांखाली ठेवून तालमीतच मोठ्यांच्या हाताखाली घालायचा? दोन्ही वाटांनी गेलेली पोरं पाहून माझं मत बनलंय. पण ते मत आहे, नियम नाही.

आधी एक खात्री करून घ्या. पोरगं भारी आहे की फक्त लवकर वयात आलंय? मुलग्यांची उंची साधारण 13-14 व्या वर्षी झपाट्यानं वाढते आणि अंगात खरी ताकद त्यानंतर भरते. कुणाचं हे 12 व्या वर्षी सुरू होतं, कुणाचं 15 व्या. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा. वर्षाला 8-9 सेंटिमीटरचा वेग दिसला, आवाज फुटला, मिसरूड आली, तर आत्ताच्या जिंकण्यात वयाचा वाटा मोठा आहे असं धरून चाला. बाकीची पोरं दोन-तीन वर्षांत त्याला गाठतात आणि तेव्हा हाताशी डाव नसतील तर गाडी अडते. जन्मतारीखही बघा. गट जन्मसालावर ठरतो तिथं जानेवारीचं पोरगं आणि डिसेंबरचं पोरगं एकाच गटात येतात, आणि त्या वयात वर्षभराचा फरक म्हणजे मनगटाएवढा फरक.

वरच्या गटाच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. कुस्ती लांबते, खडाखडी, म्हणजे उभ्यानं हातांची झटापट, करावी लागते, दम लागतो, हरायची सवय होते. खालच्या गटातली पोरंही सुटतात. कोल्हापूर विभागाला जायचं स्वप्न बघणाऱ्या पोरानं पहिल्याच फेरीत या पठ्ठ्याच्या खाली येऊन वर्ष घालवावं, हेही काही बरोबर नव्हे. वजन तर जुळतंच, मग अडचण कसली, असं विचारणारे भेटतात.

अडचण अशी की 46 किलोचा 16 वर्षांचा पोरगा आणि 46 किलोचा 13 वर्षांचा पोरगा काट्यावर सारखे असतात, मानेत आणि पकडीत नसतात. मला नेमकी हीच गोष्ट खटकली आणि माझा निर्णय तिच्यावरच झाला. वर चढवलेलं पोरगं दोन-तीन स्पर्धांत उभं राहायची पद्धतच बदलतं. कोपरं बरगड्यांना चिकटतात. डावा हात समोरच्याच्या मनगटावर अडकून पडतो, कारण तो सोडला की मानेवर हात पडतो. डोकं खाली जातं, कंबर मागे राहते, मागची टाच रेषेजवळ सरकते. पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला, तो जातच नाही. पंच आधी तोंडी ताकीद देतात, मग 30 सेकंदांची वेळ लावतात, त्यात कुणालाच गुण मिळाला नाही की समोरच्याला एक गुण. मग मॅटबाहेर पाय, आणखी एक. निकाल 2-0 किंवा 3-0, आणि बाहेर बाप खूश, की एवढ्या मोठ्याशी फक्त दोन गुणांनी हरला! पण त्या चार मिनिटांत पोरानं एकही डाव टाकलेला नसतो. वर्षभर हे चाललं की बचाव अंगात मुरतो, आणि तो काढायला पुढं बराच काळ जातो. शिवाय डोकं खाली घालून उभ्या राहणाऱ्या पोराची मान खेचली गेली तर दुखापत कुठं होणार हे वेगळं सांगायला नको. या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा अजून कच्ची असते. कोपर आणि खांद्याला तिथं मार बसला तर साध्या मुरगळीसारखा तो सोडून देता येत नाही.

जागतिक कुस्ती संघटनेचे गटही याच अंगानं आखलेत. 15 च्या गटात 14-15 वर्षांची मुलं, आणि डॉक्टरांचा दाखला व पालकांचं संमतिपत्र असेल तर 13 वर्षांचं. 17 च्या गटात 16-17, आणि तसेच कागद असतील तर 15 वर्षांचं. म्हणजे सूट एकाच वर्षाची. या दोन्ही गटांत दुहेरी नेल्सनलाही, म्हणजे दोन्ही काखांखालून हात घालून मान दाबायच्या पकडीलाही, बंदी आहे. आपल्याकडं मात्र दोन-तीन वर्षांची उडी सहज मारली जाते.

आता आहे त्या गटात ठेवायचं म्हटलं तर त्यातही खोट आहेच. पोराचा एक डाव चालतो, समजा ढाक (समोरच्याला कमरेवरून फेकायचा डाव), आणि तो तेवढ्यावरच जगतो. दुसरं म्हणजे समोरचं पोरगं घाबरतं. घाबरलेलं पोरगं पडताना हात ताठ करून जमिनीला टेकवतं आणि कोपर निखळतं किंवा गळपट्टीचं हाड मोडतं. स्पर्धेत 10 गुणांचा फरक पडला की फ्रीस्टाइलची कुस्ती तिथंच थांबते, म्हणून धोका त्या मानानं कमी. तालमीत थांबवणारं कुणी नसतं, आणि खरा घोळ तिथंच होतो.

त्यावर उपाय आहेत. सरावात त्याचा हुकमी डाव बंद करायचा. महिनाभर ढाक नाही, एकेरी पटावरच गुण. त्याला खाली घालून सुरुवात करायची, वर कब्जा घेतलेलं पोरगं, आणि त्यानं सुटून दाखवायचं. तीन ताजी पोरं एकामागून एक, प्रत्येकी एक मिनिट, मध्ये विश्रांती नाही. ताकद संपली की डाव शोधावाच लागतो. जोडीदार त्याच्यापेक्षा 10 टक्क्यांहून हलका नको, म्हणजे 46 किलोला साधारण 41-42 पर्यंत. त्याहून हलका असेल तर उचलून टाकायचे डाव बंद, फक्त पट आणि कब्जा. आणि सगळ्या पोरांना आधी पडायला शिकवा: हनुवटी छातीला, हात आखडलेले, पाठीवर गोल. डोक्याला मार लागून गरगरलं तर त्या दिवशी कुस्ती बंद आणि थेट डॉक्टर.

मोठ्यांशी लढत आठवड्यातून दोनदा द्यावी, पण निवडक मोठ्यांशी. हात राखून खेळणारा, पोरगं डावात शिरलं तर शिरू देणारा 17 वर्षांचा एक जोडीदार पुरतो. पोराला चेपून मजा घेणारा नको, तो कितीही चांगला पैलवान असो.

वजनाचा मोह टाळा. जागतिक संघटनेच्या 15 च्या गटात 44 किलोनंतर थेट 48 किलो आहे. 46 किलोचं पोरगं 44 ला नेण्यासाठी उपाशी ठेवणं किंवा पाणी तोडणं म्हणजे वाढत्या अंगाशी खेळ. त्याला 48 ला खेळवा, तिथं कुस्तीही बरी होईल.

जत्रेच्या मैदानाचं थोडक्यात. रेवड्यांच्या कुस्त्यांना, म्हणजे रेवड्या बक्षीस असलेल्या लहान पोरांच्या कुस्त्यांना, पोरगं जरूर उतरवा, माणसांसमोर खेळायची भीड मोडते. पण तिथं जोड नजरेनं लागते, काटा नसतो आणि गुणांची मर्यादाही नसते. जोड विषम वाटली तर वस्तादांनी ती सरळ नाकारावी, कुणी नाराज झालं तर होऊ द्यावं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकीतलं कांस्यपदक 57 किलो गटातलं होतं. वजनाच्या गटाला बायकी समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

मुलींचं गणित थोडं वेगळं. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली गदा 2023 मध्ये सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली, त्यानंतर मुली तालमीत दिसायला लागल्यात, पण गावात त्यांना जोड मिळत नाही. 11-12 वर्षांपर्यंत मुलांशी लढत चालते. त्यानंतर मुलं वयात आली की पकडीतला फरक झपाट्यानं वाढतो, तेव्हा त्यांच्याबरोबर डावांचा सरावच ठेवावा. खऱ्या लढतीसाठी आठवड्यातून एकदा मिरज-सांगलीला न्यायचा खर्च सोसावा लागतो. अशा मुलीला वरच्या वयाच्या मुलींशी खेळवायला मी मुलाच्या मानानं कमी आडकाठी घेईन, कारण वयात येणं तिचं आधीच झालेलं असतं. पण मान आणि पकड बघूनच.

वर चढवायचंच झालं तर या खुणा दिसल्यावर: उंचीचा वेग मंदावलाय, दोन्ही बाजूंनी मिळून तीन वेगळ्या डावांवर गुण मिळतात, आणि मोठ्या जोडीदाराशी चार मिनिटं खेळताना पोरगं स्वतःहून किमान तीनदा पटात शिरतं. तेव्हाही एकच वर्ष वर, आणि पहिला हंगाम जिल्ह्यापुरता.