रक्ती हगवणीवर काय द्यावे: हळद, लसूण, आर्टेमिसिया की अँप्रोलियम?

पावसाळ्यात वनराजा, गिरिराजा किंवा कडकनाथ कोंबड्यांची शे-दोनशे पिल्ले गादीवर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या तुसावर, वाढवणाऱ्याला हा प्रश्न बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पडतो. पिल्ले पिसे फुगवून कोपऱ्यात एकमेकांना खेटून उभी राहतात, भांड्यातले खाद्य तसेच उरते आणि सकाळी तुसावर लालसर विष्ठा दिसते. हा आजार, म्हणजेच कॉक्सिडिओसिस, आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होतो, जंतांमुळे नव्हे. त्यामुळे वावडिंग, पळसाच्या बिया किंवा पायपरझिन ही जंतांवरची औषधे या निवडीत धरू नयेत.

कोणती वनस्पती निवडावी, हे आयमेरियाची जात कोणती यावरही ठरते. टेनेला ही जात सिकममध्ये, म्हणजे आंधळ्या आतड्यांत वाढते. मेलेले पिल्लू उघडले तर त्या दोन नळ्या रक्ताने भरून फुगलेल्या दिसतात. ॲसर्व्हुलिना आणि मॅक्झिमा या जाती लहान आतड्यात राहतात. त्यांच्या बाधेत विष्ठेत रक्त दिसेलच असे नाही, पण वजन वाढत नाही.

हळदीचा उपयोग प्रयोगांत मुख्यतः या लहान आतड्यातल्या जातींवर दिसला आहे. टेनेलावरचे निकाल एकसारखे नाहीत. शिवाय प्रयोगांतली मात्रा खाद्याच्या साधारण १ टक्का किंवा त्याहून अधिक होती, म्हणजे १०० किलो खाद्याला किमान १ किलो हळद. पाण्याच्या भांड्यात चिमूटभर हळद टाकून तेवढ्याच गुणाची अपेक्षा धरता येत नाही, आणि तिचा गाळ पाणी पिण्याच्या निपलमध्ये अडकतो तो वेगळाच. हळद द्यायची तर खाद्यातच मिसळावी.

लसणाचे बळ ॲलिसिनमध्ये आहे आणि ते पाकळी ठेचल्यावरच तयार होते. लसूण उकळून काढा केला तर ते बनवणारे विकरच निकामी होते, म्हणून ताजा ठेचून लगेच खाद्यात कालवणे हीच योग्य रीत. भूक आणि एकूण प्रकृती यांसाठी लसूण चांगला आहे, मात्र रक्त दिसू लागल्यावर त्याच्या भरवशावर राहू नये. कडुलिंबाचा पाला सहज मिळतो, पण कडूपणामुळे जास्त प्रमाणात पिल्ले खाद्यच कमी खातात आणि आजारात तेच सर्वांत नुकसानीचे ठरते.

टेनेलावर वनस्पतींपैकी सर्वाधिक आशादायक वाटते ती आर्टेमिसिया ॲनुआ. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन हिच्यातूनच मिळते, आणि खाद्यात ५ टक्के सुकी पाने मिसळलेल्या प्रयोगांत सिकमच्या जखमा कमी झालेल्या आढळल्या. जोतिबाला वाहतात तो दवणा याच कुळातला असला तरी ती वनस्पती निराळी आहे. तो आणून खाद्यात घालणे म्हणजे हा उपचार नव्हे. शिवाय ५ टक्के म्हणजे क्विंटलमागे ५ किलो सुकी पाने. स्वतः लागवड केल्याशिवाय एवढा पाला लहान पालकाला परवडणे कठीण. ओव्यातले थायमॉल ओरेगॅनोच्या तेलातही असते, पण तेलावरच्या प्रयोगांतले आकडे मूठभर ओव्याला लावता येत नाहीत.

या सगळ्यांच्या शेजारी अँप्रोलियम हे औषध ठेवले की फरक स्पष्ट होतो. ते थायमिनसारखे, म्हणजे जीवनसत्त्व ब-१ सारखे दिसणारे रसायन असून परजीवीला ते जीवनसत्त्व मिळू देत नाही. साथ सुरू झाल्यावर ०.०२४ टक्के प्रमाणात, म्हणजे २० टक्के पावडर लिटरमागे १.२ ग्रॅम, पिण्याच्या पाण्यातून ३ ते ५ दिवस देतात आणि पुढे मात्रा उतरवतात. अशक्त पिल्ले पाहून जीव कळवळतो आणि याच दिवसांत बी-कॉम्प्लेक्सही पाजले जाते. त्यातल्या ब-१मुळे औषधाचा असर कमी होतो. ते उपचार संपल्यावरच द्यावे. टोल्ट्राझुरिल हे दुसरे औषध अधिक प्रभावी आहे, पण माणसाच्या खाण्यासाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते अनेक देशांत वर्ज्य आहे. अंड्यांवर घर चालवणाऱ्यांनी ही गोष्ट आधी पाहावी.

म्हणून माझी निवड वेळेनुसार बदलते. विष्ठा स्वच्छ असताना दुसऱ्या आठवड्यापासून खाद्यात हळद आणि ताजा लसूण द्यावा. रक्त दिसताच वनस्पतींवर एक दिवसही न दवडता पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अँप्रोलियम सुरू करावे, कारण टेनेलाच्या साथीत दोन-तीन दिवसांतच मोठी मरतूक होऊ शकते. दोन्ही बाबतींत गादी ओली राहिली तर औषध तोकडे पडते. विष्ठेतून पडलेल्या परजीवीच्या अंडकोशिका (ऊसिस्ट) ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, आणि नेहमीच्या जंतुनाशकांना त्या दाद देत नाहीत. पाण्याच्या भांड्याभोवतीचे तूस मुठीत दाबून पाहावे. त्याचा गोळा बनून तसाच राहिला तर तेवढा भाग त्याच दिवशी उचलून कोरडे तूस टाकावे आणि भांडे पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगावे, म्हणजे पाणी सांडत नाही.