ओढणाऱ्या कुत्र्यासाठी गळपट्टा, हार्नेस की हॉल्टर?

कुत्रं ओढतंय म्हणून दुकानात गेलं की बहुतेकदा हातात जाडजूड साखळी पडते. पण कुत्रं ओढतं, कारण ओढल्यावर त्याला हवं तिथे पोचता येतं. साखळी जाड घेतली काय आणि बारीक घेतली काय, त्यात फरक पडत नाही. निवड करताना दोन गोष्टी बघायच्या: ताण अंगावर कुठे येतो, आणि ओढून त्याचं काम होतं का. मध्यम आणि मोठ्या कुत्र्यांपैकी बहुतेकांसाठी आम्ही छातीवर कडी असलेला हार्नेस (छाती-पाठीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज) आणि त्या कडीला अडकवून हातात धरायची पाच-सहा फुटांची साधी लीश हीच जोडी सुचवू. पण सगळ्यांना ती चालत नाही.

साधा सपाट गळपट्टा गळ्यात असावाच. फोन नंबरचा बिल्ला लावायला तोच लागतो. मात्र ओढणाऱ्या कुत्र्याची लीश त्याला अडकवू नका. सगळा ताण श्वासनलिकेवर आणि मानेतल्या शिरांवर येतो. ठसका लागतो, घरघर सुरू होते, डोळ्यांतला दाबही वाढतो. पग, शिट्झू यांच्यासारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची श्वासाची वाट आधीच अरुंद असते आणि डोळे उथळ खोबणीत असतात. त्यांना गळ्याला लीश लावून फिरवणं सरळ धोक्याचं आहे.

फास बसणारी साखळी आणि आतून काटे असलेला पट्टा, हे दोन्ही घेऊच नयेत. त्यांनी कुत्रं थांबतं ते दुखतं म्हणून. साताऱ्यात शाहूपुरीच्या एखाद्या गल्लीत समोर भटकं कुत्रं दिसलं, यानं ओढलं आणि गळा आवळला, असं चार वेळा झालं की समोरचं कुत्रं म्हणजे दुखणं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. मग नुसतं ओढणारं कुत्रं गुरगुरायला, अंगावर धावायला लागतं. साधी जड साखळीही फिरवायला नको; हाताला लागते आणि तिचं वजन सतत गळ्यावर लोंबतं. अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे.

हार्नेसमध्ये मुख्य फरक कडी कुठे आहे याचा. पाठीवर कडी असली की गळा मोकळा राहतो आणि ताण छातीवर पसरतो. लहान, म्हाताऱ्या किंवा खोकला असलेल्या कुत्र्यांना हाच उत्तम. पण दांडग्या लॅब्राडॉरला त्यात अख्खी छाती लावून ओढायची सोय होते. बर्फावरची गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेस घालतात तो ओढणं सोपं व्हावं म्हणूनच. छातीच्या मध्यावर कडी असली की पुढे जोर लावताच कुत्र्याचं अंग तुमच्या बाजूला वळतं आणि जोर तुटतो. दुखत काही नाही, फक्त ओढून पुढे जाता येत नाही. शक्यतो छातीवर आणि पाठीवर अशा दोन्ही कड्या असलेला घ्या.

पुढून बघितलं तर पट्ट्यांचा आकार इंग्रजी वायसारखा दिसायला हवा: मानेच्या दोन्ही बाजूंनी उतरून छातीच्या हाडावर एकत्र येणारा. दोन्ही खांद्यांवरून आडवी पट्टी जाते तो प्रकार स्वस्त मिळतो, पण पुढचे पाय मोकळे पडत नाहीत. मापासाठी शिंप्याची टेप घ्या. मानेचा घेर पायथ्याशी, खांद्यांच्या वर मोजा. छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागे, कोपरापासून तीन-चार बोटं सोडून मोजा. त्याहून पुढे पट्टा आला की काखेत घासतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात ओला नायलॉन तर कातडी सोलून काढतो. फिरून आल्यावर हार्नेस काढून वाळवा आणि काख बोटांनी चाचपून बघा.

घातल्यावर प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं आडवी सरकली पाहिजेत. छातीची पट्टी एका बाजूला सरकत असेल तर माप मोठं आहे. मग घरातच एक परीक्षा घ्या: कुत्र्यासमोर उभं राहून लीश हळूच आपल्याकडे ओढा. ते मागे सरकताना पुढच्या पायाचं कोपर पट्ट्यातून निघालं, तर रस्त्यावर फटाका वाजल्यावर अख्खं कुत्रं निघेल.

माण-खटावकडे दिसणाऱ्या कारवानी कुत्र्यांचं वेगळं. डोकं निमुळतं, त्यामुळे साधा गळपट्टा कानांवरून सहज निसटतो. छाती खोल आणि कंबर बारीक, त्यामुळे हार्नेसमधूनही मागे सरकून सुटतात. त्यांना बरगड्यांच्या मागे तिसरा पट्टा असलेला हार्नेस घ्यावा आणि जोडीला मार्टिंगेल गळपट्टा. मार्टिंगेल ताणला की थोडाच आवळतो. पूर्ण ताणल्यावरही त्याच्या दोन कड्या एकमेकींना टेकायला नकोत. टेकल्या तर पट्टा सैल आहे आणि डोकं निघेल. घरी मोकळं सोडताना तो काढून ठेवा, त्याचा फेरा कुठेही अडकतो.

हेड हॉल्टर म्हणजे नाकावरून आणि कानांमागून जाणारा पट्टा. तीस-पस्तीस किलोचं कुत्रं आणि धरणारी व्यक्ती वयस्कर किंवा किरकोळ अंगाची, अशा वेळी सगळ्यात जास्त ताबा यानंच मिळतो. ही मुसकी नव्हे. कुत्रं त्यात धापा टाकतं, पाणी पितं, चावूही शकतं. पण बहुतेक कुत्र्यांना तो सुरुवातीला खपत नाही. आठवडाभर रोज काही मिनिटं, खाऊ देत देत आधी फक्त नाक आत घालायला शिकवा. हिसका कधीच देऊ नका आणि लांब दोरी लावू नका: धावत सुटलेलं कुत्रं दोरी संपताच मानेतून पिरगळतं. पगसारख्या तोंडाला हॉल्टर बसतच नाही.

आता लीश. मोठ्या कुत्र्याला २० ते २५ मिलिमीटर रुंद, लहानाला १० ते १५. नायलॉन लवकर वाळतं पण ओढलं की तळहात भाजतो. सुती नवार हाताला मऊ लागते. चामडं चांगलंच, पण पावसाळ्यात बुरशी धरतं. शिवण चौकोनात फुली मारलेली असावी आणि हूक बुडाशी गोल फिरणारा, नाहीतर लीशला पीळ पडतो. गुंडाळी होणारी लीश ओढऱ्या कुत्र्याला अजिबात नको. तिच्यात कायम थोडा ताण असतो, म्हणजे ओढलं की दोरी वाढते हेच कुत्रं शिकतं. मूठ हातातून सुटली तर ती खडखडत मागे येते आणि घाबरलेलं कुत्रं आणखी पळतं. रबरी ताणाची लीश तुमच्या खांद्याला बरी, पण ओढल्यावर तीही पुढे सोडते.

यातलं काहीही घातलं तरी शिकवावं लागतंच. अंगणात सुरू करा. लीश ताणली की जागीच थांबा, हिसका नको. ती सैल पडताच पुन्हा चाला, आणि कुत्रं गुडघ्याशी असताना तिथेच उकडलेल्या चिकनचा डाळीएवढा तुकडा द्या. घरात एकजण थांबतो आणि दुसरा ओढू देतो असं झालं तर ते अधिक चिवटपणे ओढायला शिकतं.

अजिंक्यताऱ्याच्या किंवा यवतेश्वरच्या उतारावर मात्र शिकवणी बाजूला ठेवा. तिथे दोन हुकांची लीश वापरा, एक हूक छातीच्या कडीला आणि दुसरा पाठीच्या. लीश मनगटाला गुंडाळू नका. तिच्या फेऱ्यात अंगठा घालून मूठ मिटा, दुसरा हात मधे धरा आणि कुत्र्याला डोंगराच्या बाजूला ठेवून उतरा.