तोंडात विरघळणारी गोळी: गोठवून वाळवलेली की थेट दाबलेली?

गोळी जिभेवर चटकन विरघळायची तर लाळेला आत शिरायला पोकळी हवी. पोकळी वाढली की गोळी ठिसूळ होते. पद्धत कोणतीही घ्या, ही ओढाताण चुकत नाही.

फ्रीझ ड्राइंगमध्ये, म्हणजे गोठवून वाळवण्यात, औषध, जिलेटिन आणि मॅनिटॉल यांचे मिश्रण ब्लिस्टरच्या (गोळ्यांच्या पट्टीच्या) खळग्यातच ओतून गोठवतात आणि निर्वातात बर्फ उडवून लावतात. बर्फाच्या जागी छिद्रे उरतात. झायडिस हे यातले गाजलेले तंत्र. गोळी काही सेकंदांत नाहीशी होते. पार्किन्सनवरचे सेलेजिलिन असे दिले की बरेचसे तोंडातूनच रक्तात जाते, यकृतात औषध मोडले जाण्याचा पहिला फेरा टळतो. म्हणून एरवीच्या रोजच्या १० मिग्रॅऐवजी १.२५ ते २.५ मिग्रॅ पुरते. पण पाण्यात विरघळणारे औषध साधारण ६० मिग्रॅपुढे यात बसवणे अवघड. शिवाय गोळी दमटपणा सोसत नाही, आणि फॉइल न सोलता अंगठ्याने दाबून काढायला गेलात तर हातात भुगा. यंत्रणाही महाग.

कोरडी भुकटी थेट दाबून केलेल्या गोळीला नेहमीचे रोटरी मशीन चालते. क्रॉसपोव्हिडोन किंवा क्रॉसकार्मेलोज लाळ शोषून गोळी फोडतात. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिच्या २००८ च्या मार्गदर्शनानुसार गोळी सुमारे ३० सेकंदांत फुटावी आणि तिचे वजन ५०० मिग्रॅपुढे जाऊ नये. युरोपीय फार्माकोपिया (औषधांच्या मानकांचा ग्रंथ) ३ मिनिटे देते. नीट जमलेल्या बॅचला ३० सेकंदही पुरतात, आणि गोळी साध्या पट्टीत टिकते. बॅच बिघडते ती बहुधा बारीकसारीक गोष्टींनी. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घातलेले मॅग्नेशियम स्टिअरेट जास्त वेळ मिसळले की कणांवर पाणी झटकणारा थर बसतो आणि लाळ आत जात नाही. सोडियम स्टार्च ग्लायकोलेट हे गोळी फोडणारेच आणखी एक द्रव्य, पण ते जास्त घातले तर जेल होऊन तेच वाट अडवते.

कापूर घालून गोळी दाबायची आणि मग गरम करून तो उडवायचा, हीही एक पद्धत. एम. फार्म.च्या प्रकल्पाला छान. कारखान्यात मात्र उरलेल्या कापराची तपासणी आणि आगीचा धोका कोण अंगावर घेणार?

उलटीवरचे ओंडान्सेट्रॉन ४ मिग्रॅ करायचे असेल तर मी थेट दाबेन. उलटी थांबायला ३ सेकंद की २० सेकंद, याने फरक पडत नाही. फ्रीझ ड्राइंगचा खर्च सेलेजिलिनसारख्या, तोंडातून शोषल्या जाणाऱ्या कमी डोसच्या औषधासाठी राखावा. मात्र ओंडान्सेट्रॉन कडू आहे, आणि चव झाकायला दिलेले आवरण जास्त दाबाखाली तडकते. तेव्हा मशीनचा दाब आधी त्या आवरणाला सोसेल असा ठरवा, कडकपणा नंतर बघा.