सुई उत्तम, सल्ला टाकाऊ: पार्ल्यातल्या एका लॅबची घरपोच रक्ततपासणी

पाऊस जरा उघडीप घेतो आणि पार्ल्यात घरोघरी ताप सुरू होतात. यंदा आमच्याकडे मुलाची पाळी. एकशे तीन ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग असं दुखतंय की कूस बदलता येईना. डॉक्टरांनी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि डेंग्यू एनएस-१ लिहून दिलं, तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या, ब्रुफेन-ॲस्पिरिनला हात लावू नका, असं बजावलं. मी स्टेशनजवळच्या लॅबला फोन करून माणूस घरी बोलावला. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

आधी कौतुक. सकाळी सातच्या आत लॅबचा मुलगा दारात हजर. सुई काढण्याआधी त्याचा पहिला प्रश्न, "काकू, तापाचा कितवा दिवस?" दुसरा, म्हटलं. "मग एनएस-१ येईल बरोबर. आयजीएम आज करून काही उपयोग नाही, पण तुमच्या नावावर पॅकेज पडलंय." मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलंय, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना हे परीक्षेत लिहिता आलं नसतं. शीर एका झटक्यात सापडली, जांभळ्या झाकणाची नळी हलक्या हाताने उलटसुलट केली, नावाचं लेबल माझ्यासमोर चिकटवून मला वाचायला लावलं.

पॅकेजचं काम हेल्पलाइनवाल्या बाईंचं. दोन तपासण्या सांगितल्या तर "मॅडम, फुल फिव्हर पॅनल घ्या ना" करत १,८०० रुपयांना सगळं गळ्यात मारलं. आता एनएस-१ हे विषाणूचंच प्रथिन. ते तापाच्या पहिल्या दिवसांतच रक्तात सापडतं. आयजीएम ही आपली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला पकडायला शरीराने बनवलेली प्रथिनं. या विषाणूला जुळणारी बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणारी पांढरी पेशी) निवडली जाणार, तिच्या हजारो प्रती होणार, मग प्रतिपिंडं बाहेर पडणार. त्याला चार-पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशीचं 'आयजीएम निगेटिव्ह' म्हणजे छापलेला कागद, एवढंच.

पॅकेजमधली एक ओळ मात्र कामाची निघाली. एनएस-१ पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह आणि आयजीजी (मागाहून येऊन दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. पहिल्याच डेंग्यूत आयजीजी इतक्या लवकर दिसत नाही, म्हणजे याला बहुधा आधी एकदा होऊन गेलेला. हॉस्टेलवर असताना 'व्हायरल आहे' म्हणून अंगावर काढलेला ताप मला लगेच आठवला. डेंग्यूचे चार प्रकार. ज्याचा होतो त्याच्याविरुद्ध संरक्षण दीर्घकाळ टिकतं, पण दुसऱ्या प्रकाराला जुनी प्रतिपिंडं चिकटतात आणि निकामी मात्र करू शकत नाहीत. उलट अशा प्रतिपिंडं चिकटलेल्या विषाणूला मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आपणहून आत ओढून घेतात आणि तो तिथेच वाढतो. म्हणून दुसऱ्यांदा होणाऱ्या डेंग्यूवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. रिपोर्टवर याबद्दल अवाक्षर नाही. डॉक्टरांनी मात्र ती ओळ वाचून लगेच रोज सीबीसी सांगितली.

आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लॅबचा मेसेज: "तुमची इम्युनिटी कमी आहे! इम्युनिटी प्रोफाइल आजच बुक करा." कारण काय, तर पांढऱ्या पेशी २,८००, लाल अक्षरांत. अहो, डेंग्यूत अस्थिमज्जा काही दिवस मंदावते, पांढऱ्या पेशी उतरतातच! तो ताप, ते अंग मोडून येणं, हे इंटरफेरॉन (विषाणू दिसला की पेशी सोडतात ते इशाऱ्याचं प्रथिन) आणि त्याच्या भाईबंदांचं काम आहे. प्रतिकारशक्ती जोरात चालू असल्याची खूण. तुमच्याच रिपोर्टच्या तळाशी 'रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट्स', म्हणजे लढायला उठलेल्या पांढऱ्या पेशी, असं लिहिलंय, ते तुमच्याच मेसेजवाल्याने वाचलं नाही. डेंग्यूत रक्तवाहिन्या पाझरू लागतात त्यात विषाणूइतकाच आपल्या प्रतिकारयंत्रणेच्या गोंधळाचाही हात असतो. तिथे 'इम्युनिटी वाढवा' म्हणून झिंक आणि गुळवेल विकणाऱ्यांना काय म्हणावं?

चौथ्या दिवशी ताप उतरला, घर सैल झालं, शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या. (प्याला नाही त्याने. वास घेऊनच तोंड फिरवलं.) डेंग्यूत खरी जोखीम ताप उतरतानाच सुरू होते, आणि इथे लॅबने पैसे वसूल करून दिले. दुपारी पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांचा स्वतःचा फोन. मशीनने प्लेटलेट ४८,००० दाखवल्या, पण स्लाइडवर प्लेटलेटच्या गुठळ्या दिसल्या (मशीन त्या नीट मोजत नाही) म्हणून त्यांनी नमुना पुन्हा मागवला, हाताने मोजलं, ७२,००० भरल्या. "नुसत्या प्लेटलेट बघू नका, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, चढतोय का ते बघा. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर रिपोर्टची वाट न बघता हॉस्पिटल गाठा." दुसऱ्यांदा रक्त घ्यायला आलेल्या मुलाने एक पैसा मागितला नाही.

ॲडमिट करावं लागलं नाही. पोरगा आता फोडणीचा भात मागतोय.

तर रक्त घेणारा मुलगा आणि पॅथॉलॉजिस्ट, पाचपैकी पाच. हेल्पलाइन आणि तो मेसेज लिहिणारा, एक, तोही वेळेत फोन उचलतात म्हणून. बुकिंग करताना डॉक्टरांची चिठ्ठी फोटो काढून पाठवा, "एवढंच करा" असं लिहूनच द्या, आणि तापाचा कितवा दिवस ते कोणी विचारलं नाही तरी सांगा. रविवारी घरी येण्याचे १५० रुपये जास्त पडतात.