फोल्डस्कोप: शाळेसाठी घ्यावा का?

मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक शाळेने जरूर घ्यावा. मात्र दोन मुलांमागे एक हवाच. रांगेतून येऊन घाईघाईने डोकावणाऱ्या मुलाला प्रश्न पडायला वेळच मिळत नाही.

जोडणीला पाऊण तास राखून ठेवा. घड्या नखाने दाबून पक्क्या केल्या नाहीत तर पट्ट्या सैल राहतात आणि फोकस सारखा हलतो. वर्धन 140 पट आहे, सुमारे 2 मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील कळतो. डोळा भिंगाला जवळजवळ टेकवावा लागतो. लांब धरलं की नुसता उजेडाचा ठिपका दिसतो आणि मुलं इथेच कंटाळतात. खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड पुरतो. सूर्याकडे रोखून कधीही बघू देऊ नका.

सुरुवात कांद्याच्या पापुद्र्याने करा. तो एकपदरी हवा, घडी पडली तर सगळं काळपट दिसतं. वर पाण्याचा एकच थेंब, मग कव्हरस्लिप (वर झाकायची पातळ चकती) तिरकी टेकवून हळूहळू खाली सोडा. सपाट ठेवली तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि काळ्या कडेचे ते गोल मुलं पेशी म्हणून काढतात. त्यांना लगेच चूक म्हणू नका. "काचपट्टी हलवली की हा गोल तसाच राहतो का?" एवढंच विचारा.

खरी गंमत डबक्याच्या पाण्यात आहे. त्यात वाळकं गवत टाकून चार-पाच दिवस ठेवा आणि पृष्ठभागाजवळचा थेंब घ्या. त्यातला पॅरामिशियम हा एकपेशीय जीव भराभर पळतो, म्हणून थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाका. त्याचा वेग अडतो. शेजारी केस ठेवला तर मापही मिळतं. केसाची जाडी साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटर असते, त्यावरून पॅरामिशियमची लांबी मुलं स्वतः काढू शकतात. उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि "का जुळत नाहीत?" यावर अख्खा तास सहज जातो. या चर्चेला गुण देऊ नका.

जिवाणूंची रचना मात्र यात दिसणार नाही, हे आधीच सांगा.

पाठ्यपुस्तकातली नावं लिहिलेली आकृती निरीक्षणानंतरच उघडा. आधी दाखवली की वहीत डोळ्यांनी पाहिलेलं न येता पुस्तकातलं उतरतं. चुंबकाने फोन जोडून फोटो काढता येतो, पण तोही चित्र काढून झाल्यावरच.