सत्तरीतलं आमचं सबसेंटर: टीम सिस्टरच्या हातात, आणि काम एकदम चोख

रेटिंग ५ पैकी ४. मोठं हॉस्पिटल नाही हे, आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं साधं सबसेंटर, म्हणजे सरकारी आरोग्य उपकेंद्र, आता बोर्डावर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय. डॉक्टर पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात असतात, इथलं सगळं बघतात त्या सीएचओ सिस्टर, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, बीएस्सी नर्सिंग करून वर सहा महिन्यांचं कम्युनिटी हेल्थचं ट्रेनिंग घेतलेल्या. २०१८ मध्ये केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना आली त्यातून ही पोस्ट आली. डॉक्टर नाही तर कशाला जायचं असं म्हणणारे गावात अजून आहेत, त्यांच्यासाठीच लिहितेय.

आईला बीपी आणि शुगर दोन्ही आहे. सिस्टरनी आल्या आल्या पट्टा बांधला नाही, आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवलं, मग बीपी घेतलं आणि थोड्या वेळाने परत एकदा. मग शुगरमुळे पायाची जाणीव कमी झालीय का ते बघायला चपला काढायला लावून तळपायाला ठिकठिकाणी बारीक नायलॉनचा धागा टेकवत विचारत होत्या, काकी, कळतंय का? उजव्या अंगठ्याखाली आईला काहीच कळलं नाही. आधी ज्या प्रायव्हेट क्लिनिकात जायचो तिथे शुगरचा आकडा बघून गोळी लिहून मोकळे व्हायचे, पाय कधी कुणी बघितलेच नव्हते! सिस्टरनी तिथूनच ईसंजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवेवर, डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला, डॉक्टरांनी डोस बदलला. पेजेबरोबर काय खाता हे पण विचारलं, रोजचं लोणचं आणि खारा बांगडा ऐकून मीठ कुठून जातंय ते आईला नीट समजावलं.

पण मला सगळ्यात आवडलं ते त्या टीम कशी चालवतात ते. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर, कॅन्सरची तपासणी हे या केंद्राचं काम, पण काजूच्या हंगामात सकाळी माणसं बागायतीत, येणार कोण? सिस्टरनी एएनएम (केंद्रातली नर्स) आणि एमपीडब्ल्यू (आरोग्य सेवक) यांना बसवून ठरवलं, वाड्यावर देवळाच्या मंडपात संध्याकाळी बीपी-शुगर आणि तोंडाची तपासणी ठेवली, आणि एरवी केंद्राची पायरी न चढणारे बाप्ये पण रांगेत उभे राहिले. ऑफिसात बसून हे सुचत नाही, त्यासाठी गाव माहीत असावं लागतं.

एक स्टार कापला तो सिस्टरचा नाही. मध्ये बीपीच्या गोळ्या संपल्या, स्टॉक येईपर्यंत बाहेरून विकत घ्याव्या लागल्या, आणि लोकांची बोलणी कुणी खाल्ली तर सिस्टरनी. जबाबदारी सगळी त्यांच्यावर, अधिकार मात्र वरच्यांकडे, आणि नोकरी कॉन्ट्रॅक्टची. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये नर्स आहे, तिथे खास ट्रेनिंग घेतलेल्या नर्स २००६ पासून जवळजवळ सगळी औषधं स्वतः लिहून देऊ शकतात. अमेरिकेत तर नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला कोर्स १९६५ मध्येच कोलोराडो युनिव्हर्सिटीत सुरू झाला. डॉक्टर हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण औषधांची मागणी, टीमची ड्युटी, कॅम्पची वेळ हे ठरताना सीएचओचा शब्द चालायलाच हवा, त्यांना मिटिंगला नुसते आकडे द्यायला बोलवून काय उपयोग?

जाणार असाल तर जुनी फाइल आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, सिस्टर सगळी टेबलावर मांडून एकेक बघतात. थोडा वेळ काढून जा, एंट्रीला उशीर लागतो.