सातव्या पानावर ‘शी’ लिहिलं होतं

मुलाच्या थेरपीच्या सेंटरने मला कितीला फसवलं, तो आकडा आधी सांगते. ₹१,५०,७७०. असेसमेंटचे ४,५००, पॅकेजचे आगाऊ ३६,०००, कर्जाचे ९०,०००, त्या कर्जाची प्रोसेसिंग फी १,७७० आणि ‘होम किट’चे १८,५००. कर्जाचे तीन हप्ते अजून जायचेत. बदल्यात मिळाली १२० पैकी ३१ सेशन्स आणि एका सोमवारी सकाळी शटरला लावलेलं कुलूप. तक्रार चालू आहे, म्हणून सेंटरचं नाव लिहीत नाही. पूर्व उपनगरात, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एवढंच सांगते.

मुलगा तेव्हा सव्वाचार वर्षांचा. शब्द मोजून सहा. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून टेबलाखाली. शर्टाचं लेबल मुळापासून कापल्याशिवाय अंगात घालू देत नाही, केस कापायचे तर दोघांनी धरावं लागतं. गणपतीत गल्लीत ढोल-ताशा आला की उलटी होईपर्यंत रडतो. “ह्याचे बाबाही उशिराच बोलले,” असं सासूबाई म्हणायच्या आणि मलाही ते ऐकून बरं वाटायचं. शेवटी महापालिकेच्या रुग्णालयात दाखवलं. डॉक्टरांनी नीट समजावलं: विकासात उशीर आहे, सेन्सरी अडचणी आहेत, म्हणजे आवाज, स्पर्श सहन होत नाहीत, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून) आणि बोलण्यासाठी स्पीच थेरपी सुरू करा. पण थेरपीची तारीख मिळाली अडीच महिन्यांनंतरची. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना अडीच महिने म्हणजे काय ते सांगायला नको.

सेंटरची जाहिरात मोबाईलवर आली ती त्याच आठवड्यात. “९० दिवसांत पहिलं वाक्य.” पुढचं सगळं तुम्हाला माहीत असलेल्याच पद्धतीने झालं. व्हॉट्सअॅप ग्रुप, त्यात रडून आभार मानणाऱ्या आया, ‘आज बुक केलं तर सूट’. सेंटरच्या बाई मला नावाने हाक मारत नव्हत्या, ‘मम्मा’ म्हणत. “मम्मा, पाच वर्षांनंतर मेंदूची खिडकी बंद होते. तुमच्याकडे नऊच महिने आहेत.” हे वाक्य मी रात्री झोपेतही ऐकत होते.

आता त्या शनिवारबद्दल. असेसमेंटचा रिपोर्ट हातात दिला. बावीस पानं, स्पायरल बाइंडिंग, रंगीत आलेख. मी वाचायला घेतला, आणि सातव्या पानावर इंग्रजीत ‘शी’ आणि ‘हर’ लिहिलेलं दिसलं. माझा मुलगा आहे. खाली वय सहा वर्षं दोन महिने. आणि त्याखाली, झोका खूप आवडतो! माझ्या पोराचे पाय जमिनीवरून सुटले की तो किंचाळतो. बागेतल्या झोक्याजवळून जायलासुद्धा तयार नसतो. मी बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “मम्मा, टेम्प्लेटची चूक आहे, सोमवारी दुरुस्त प्रत देते.” आणि मी पान उलटलं.

मी पान उलटलं, हे मला अजून सहन होत नाही. मी पतपेढीत नोकरी करते. दुसऱ्यांच्या कर्जाचे कागद तपासणं हेच माझं रोजचं काम. जामीनदाराच्या सहीची वेलांटी वेगळी दिसली तरी अर्ज परत पाठवते. आणि इथे दुसऱ्याच मुलीचा रिपोर्ट माझ्या मुलाच्या नावाने हातात असताना, दहा मिनिटांत मी ओटीपी सांगितला. पोरगा ट्यूबलाइटच्या आवाजाने कान दाबून रडत होता, मी त्याला मांडीवर धरलं होतं, बाईंनी माझा फोन घेतला आणि म्हणाल्या, “फक्त नंबर सांगा, नो कॉस्ट ईएमआय आहे.” मेसेज मी संध्याकाळी वाचला. ईएमआय कसला, माझ्या नावावर ९० हजारांचं वैयक्तिक कर्ज होतं. बारा हप्ते, ₹७,५०० चा एक. पैसे थेट सेंटरला गेलेले. अशा कर्जासोबत मुख्य अटी सांगणारा ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद येतो, माझ्या ईमेलवरही आला होता. कूलिंग-ऑफची मुदत त्यातच असते, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून कर्ज मोडता येतं. मी तो उघडला तेव्हा मुदत संपली होती. तुम्ही त्याच रात्री उघडा.

लोक म्हणतात, एवढी शिकलेली बाई कशी फसली. फसले, कारण सोमवारपासून काहीतरी सुरू होणार होतं. आई म्हणून अडीच महिने नुसती बघत बसू शकले नाही, ही माझी चूक असेल तर असू दे.

आत पालकांना सोडत नव्हते. ‘मूल डिस्ट्रॅक्ट होतं’ हे कारण, आणि कॅमेरा कायम बिघडलेला. चौथ्या दिवशी दाराआडून त्याचं रडणं ऐकलं. त्या खोट्या रिपोर्टवरून ते त्याला झोक्यावर बसवत होते. जिथे दार बंद ठेवतात तिथून मूल उचला आणि निघा, पैसे गेले तरी चालतील.

तिथल्या ‘सर्टिफाइड सेन्सरी थेरपिस्ट’ मुलीने तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला होता, हे नंतर कळलं. स्पीच थेरपिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर त्यांच्या साइटवर तपासता येतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी महाराष्ट्रात वेगळी परिषद आहे. नंबर मागितल्यावर चेहरा बदलला तर पुढे बोलूच नका.

सातव्या आठवड्यात कुलूप लागलं. मग सुरू झाल्या चकरा. पोलीस ठाण्यात तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, “मॅडम, क्लास बंद पडला म्हणजे गुन्हा होत नाही, सिव्हिल मॅटर आहे.” तिसऱ्यांदा घरी कोणी नव्हतं म्हणून मुलाला सोबत न्यावं लागलं. वायरलेसच्या खरखरीने तो जमिनीवर लोळायला लागला, आणि हवालदार म्हणाले, “ताई, आधी पोराला जरा वळण लावा.” दोन तास बाकावर बसवून अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, तो छापील कागद मी सोबत नेला होता. कुणी हातातही घेतला नाही. कर्ज देणारी कंपनी म्हणते, सर्व्हिस प्रोव्हायडरशी बोला. कुठे बोलू, शटरशी? हप्ता थांबवावा तर सिबिल घसरणार, आणि माझी नोकरीच पतपेढीतली. आणि थेरपिस्टच्या नोंदणीच्या एका कार्यालयाकडून महिन्याभराने ईमेल आला: सदर व्यक्ती आमच्याकडे नोंदणीकृत नसल्याने कार्यवाही करता येत नाही. नोंदणी नाही हीच तर माझी तक्रार होती!

ठाण्यात घेत नसतील तर अर्ज पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवा, मी तेच केलं, पावती जपून ठेवलीय. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत जा. दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, म्हणजे यूडीआयडी कार्डासाठीही त्या बाईंनी ६,००० मागितले होते, मुलाच्या बाबांनी अडवलं म्हणून वाचले. त्या कार्डाला पैसे लागत नाहीत. आणि दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ‘सेन्सरी प्रोसेसिंग’ असा प्रकारच नाही, तेव्हा ते मिळवून देणारी ही कोण?

आता पालिकेच्याच रुग्णालयात थेरपी चालू आहे. तिथल्या थेरपिस्ट म्हणाल्या, लवकर सुरू करणं चांगलंच, पण पाचव्या वाढदिवसाला काही बंद होत नाही. १८,५०० च्या किटऐवजी त्यांनी सांगितलं, कणीक मळायला द्या, कांद्याबटाट्याची पिशवी उचलून आणू दे, गोधडीत घट्ट गुंडाळा. परवा त्याने पोळपाटावर कणकेचा गोळा थापला आणि “आई, अजून” म्हणाला.

कुलूप लागलं त्याच दिवशी ग्रुपमधून आम्हा सगळ्यांना काढलं. आभार मानणाऱ्या आयांचे नंबर बंद. पण एका आईने सगळं चॅट आदल्या आठवड्यातच एक्स्पोर्ट करून ठेवलं होतं. आम्ही पाच कुटुंबं आता एकत्र तक्रार करतोय ती त्याच फाइलवर. तुमच्याकडे असा कुठला ग्रुप असेल तर आजच उतरवून ठेवा. आणि रिपोर्ट फेकू नका. माझ्या तक्रारीला तेच सातवं पान जोडलंय.